रक्ततपासणीत सगळ्या डाळी पॉझिटिव्ह आल्या, पण मुलगी रोज वरण-भात खाते. डाळी बंद करायच्या का?

नाही. जी डाळ ती नेहमी खाते आणि खाल्ल्यावर तिला काहीच होत नाही, ती नुसत्या रिपोर्टवरून बंद करू नका. मी पुण्यात आहारतज्ज्ञ आहे, आणि असा रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेले आईवडील मला नेहमी भेटतात.

तुम्ही लिहिलंय की मुलीच्या अंगावर एकदा गांधी उठल्या म्हणून तपासणी केली. तूर, मूग, हरभरा, मसूर, शेंगदाणा असं ओळीने पॉझिटिव्ह आलं आणि सासूबाईंना वाटतंय, रोज डाळ भरवल्यामुळेच हे झालं.

आधी रिपोर्टचं बघू. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई प्रतिपिंडं (ॲलर्जीशी संबंधित, शरीराने तयार केलेली संरक्षक प्रथिनं) सापडली, तर त्याला संवेदीकरण म्हणतात. तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास झाला, तर ती ॲलर्जी. तपासणीत फक्त पहिलं कळतं. कर्नाटकातल्या प्रौढांच्या एका मोठ्या पाहणीत (2016) 26.5 टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध प्रतिपिंडं होती, पण ॲलर्जी असण्याची शक्यता दिसली ती जेमतेम 1.2 टक्क्यांत.

कडधान्यांत हा घोळ जास्तच होतो, कारण त्यांच्या दाण्यांतली प्रथिनं एकमेकांसारखी असतात. एकीविरुद्धचं प्रतिपिंड दुसरीलाही चिकटतं आणि सगळी ओळ पॉझिटिव्ह येते. अमेरिकेत 1989 मध्ये एक्झिमा (त्वचा कोरडी पडून खाज सुटण्याचा विकार) असलेल्या 69 मुलांना प्रत्यक्ष खाऊ घालून पाहिलं, तेव्हा एकापेक्षा जास्त शेंगवर्गीय पदार्थांचा त्रास फक्त दोघांना झाला. मसूर, हरभरा आणि वाटाणा यांचं मात्र आपसांत जास्त जुळतं, त्यामुळे यातल्या एकाने खरोखर त्रास होत असेल तर बाकीच्या दोघांबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

आता सासूबाईंची शंका. त्यांना नीट समजावून सांगा, कारण नातीच्या काळजीनेच त्या बोलतायत. शेंगदाण्याबाबत तरी पुरावा अगदी उलटा आहे. लंडनच्या एका अभ्यासात (2015) ॲलर्जीचा धोका जास्त असलेली 640 बाळं होती, वय 4 ते 11 महिने. निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, निम्म्यांना वर्ज्य ठेवले. पाचव्या वर्षी वर्ज्य ठेवलेल्यांत 17.2 टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी होती, खाणाऱ्यांत 3.2 टक्के. पोटातून लवकर आणि सतत ओळख झाली की शरीर पदार्थ सहन करायला शिकतं, आणि खाणं थांबवलं तर ही सहनशक्ती कधीकधी जातेही. विनाकारण डाळ बंद करू नका म्हणते ते यासाठीच. शिवाय शाकाहारी घरात वरण, उसळ, पिठलं, मेतकूट आणि दाण्याचं कूट एकदम काढलं, तर मुलीला प्रथिनं मिळणार कुठून?

त्वचेवाटे होणारी ओळख मात्र वेगळी. ब्रिटनमधल्या 2003 च्या एका अभ्यासात, सुजलेल्या त्वचेवर भुईमुगाचं तेल असलेली मलमं लावलेल्या बाळांत शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त आढळली. आपल्याकडे बाळाला साय आणि डाळीचं पीठ चोळून आंघोळ घालतात. एक्झिमा असेल, त्वचा फुटलेली असेल, तर पीठ चोळू नका असंच मी प्रत्येक आईला सांगते.

तुमच्या मुलीसाठी पुढचं काम म्हणजे त्या गांधींचं मूळ शोधणं. त्या दिवशी काय खाल्लं होतं, किती वेळाने गांधी उठल्या, ताप-सर्दी होती का, नवीन औषध दिलं होतं का, हे आठवेल तसं लिहून काढा आणि ॲलर्जीतज्ज्ञांना दाखवा. संशय एखाद्याच पदार्थावर आला, तर तज्ज्ञ आपल्या देखरेखीखाली तो थोडा थोडा खाऊ घालून खात्री करतात. यादीतला जो पदार्थ तिने कधी खाल्लाच नाही, किंवा ज्याने त्रास झाल्याचा संशय आहे, तो घरी देऊन बघू नका. खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, धाप लागणं, वारंवार उलट्या किंवा एकदम मलूल होणं, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपायांत वेळ न घालवता लगेच रुग्णालय गाठा.