लेखी पुरावा नसताना पुरातत्त्वज्ञ जुन्या समाजाबद्दल कसं सांगतात?

वस्तूइतकंच महत्त्व ती कुठल्या थरात, कशाच्या शेजारी सापडली याला असतं. शिरूर तालुक्यातलं, घोड नदीकाठचं इनामगाव घ्या. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून अनेक वर्षं उत्खनन केलं. साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली ही शेतकऱ्यांची वस्ती. शेवटच्या टप्प्यात मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसतात. यावरून पाऊस घटला, शेती खालावली, असा अर्थ लावला गेला.

मला सगळ्यात बोलकी वाटतात ती दफनं. लहान मुलांना दोन मडक्यांची तोंडं जुळवून घरातल्या जमिनीखालीच पुरत. प्रौढांची पावलं तोडलेली आढळतात. मृताने परत फिरू नये म्हणून? पटण्यासारखं आहे, पण तोडलेली पावलं हा पुरावा आणि त्यामागचं कारण हा तर्क. चांगला अभ्यासक या दोन्हींची गल्लत करत नाही. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात पुरलेला पुरुष सापडला, पावलं शाबूत असलेला. तो वस्तीचा प्रमुख असावा, असं संशोधक मानतात.