लिथुएनियन ‘दुओती’, रशियन ‘दात’ आणि संस्कृत ‘दा’ (देणे) यांचं मूळ खरंच एक आहे का? ते ठरवतात कसं?

एकच आहे. पण नुसत्या आवाजाच्या साम्यावर जाऊ नका, तसे शब्द कुठल्याही दोन भाषांत मूठभर सापडतात. रूपं चालवताना होणारा विचित्रपणा जुळला, की मग विश्वास ठेवायचा.

संस्कृत ‘ददाति’त (देतो) धातूची द्विरुक्ती आहे, म्हणजे ‘द’ दोनदा येतो. लिथुएनियनमध्ये ‘देतो’ला आज ‘दुओदा’ म्हणतात, जुन्या ग्रंथांत ‘दुओस्ती’ मिळतं. नवव्या शतकात घडलेल्या प्राचीन चर्च स्लाव्होनिकमध्ये (रशियनच्या कुळातली जुनी ग्रंथभाषा) ‘देतो’ म्हणजे ‘दास्त’, पण ‘देतात’ म्हणजे ‘दादेंत’. एकवचनात हा ‘स’ आला कुठून? लिथुएनियन आणि स्लाव्होनिकमध्ये द् आणि त एकत्र आले की ‘स्त’ होतो. संस्कृतात त्याच जागी ‘त्त’ होतो: दद् + त = दत्त. आपल्या दत्तात दडलेला दुसरा ‘द’ तिकडे ‘स’ होऊन बसलाय.

खरी गंमत ‘धा’ (ठेवणे) शेजारी ठेवल्यावर कळते. बाल्टिक-स्लाव्हिकमध्ये (लिथुएनियन, रशियन वगैरेंच्या शाखेत) द आणि ध मिसळून एकच ‘द’ उरला. तरीही लिथुएनियनमध्ये ‘ठेवतो’ म्हणजे ‘देदा’, यातला ए मुळात ऱ्हस्व. आणि ‘दुओदा’तला ‘उओ’ मात्र जुन्या दीर्घ ओचा. भाषाशास्त्रज्ञ वर्नर विंटर यांनी 1978 साली छापलेला नियम इथे कामी येतो: बाल्टिक-स्लाव्हिकमध्ये मूळ भाषेतल्या साध्या ब-द-ग आधीचा स्वर दीर्घ होतो, भ-ध-घ आधीचा होत नाही. म्हणून ‘मधु’चा लिथुएनियन जोडीदार ‘मेदुस’ ऱ्हस्व राहिला, आणि ‘सद्’ (बसणे) धातूचा ‘सेदेती’ दीर्घ झाला. म्हणजे व्यंजनातला फरक पुसला गेला, तरी स्वराने तो जपून ठेवला.

‘दुओदा’बद्दल मात्र एकमत नाही. नियम लावायचा तर आधी ‘दोद-’ असं ऱ्हस्व ओचं रूप मानावं लागतं. तो ओ कुठला? ग्रीक ‘दिदोमि’त पहिल्या अक्षरात इ आहे, आणि संस्कृतचा अ इथे निरुपयोगी, कारण जुने अ, ए, ओ तिन्ही त्यातच विरघळलेत. काही अभ्यासक म्हणतात, दीर्घ ओ सरळ ‘दुओती’ या मूळ क्रियारूपावरून उचलला. मला ते पटत नाही. तसं असतं तर ‘देती’तल्या (लिथुएनियन ‘ठेवणे’) दीर्घ एने ‘देदा’लाही ओढलं असतं, आणि तो तर ऱ्हस्वच राहिला. मी विंटरच्या बाजूने आहे, ओचं कोडं सुटलेलं नसलं तरी.