मालिका संपून चार महिने झाले. भाऊ रात्रभर जागा असतो, ऑडिशनलाही जात नाही. त्याला अभिनय सोडायला सांगू का?

आत्ता नको. तो विषय दोन महिने काढूच नका.

तुम्ही म्हणता, सुरुवातीला तो मजेत होता. त्यात नवल नाही. टीव्हीत कामाचे पैसे साधारण ९० दिवसांनी हातात येतात. मार्चमध्ये शूटिंगचा शेवटचा पॅकअप झाला तरी जूनपर्यंत पैसे येत राहतात. खड्डा पडतो तो जुलैत. तोवर 'सध्या काय चाललंय?' विचारणारेही वाढलेले असतात.

ऑडिशन हुकल्यावर तीन-चार दिवस तोंड पाडून बसणं या धंद्यात चालायचंच. पण दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास, कशातच रस नाही, भूक-झोप बिघडलेली असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. 'परवा लग्नात छान हसत होता' हा पुरावा धरू नका. मनात नसताना हसणं हेच त्याचं काम आहे.

नावाला बारा तासांची शिफ्ट, घोडबंदरला रात्री दहाला पॅकअप, मेकअप उतरवून डोंबिवलीला पोचेपर्यंत बारा, सकाळी सातचा कॉलटाइम (सेटवर हजर व्हायची वेळ). वर्षभर असं गेल्यावर झोपेचं घड्याळ आपोआप जागेवर येत नाही. झोपायची नाही, उठायची वेळ ठरवा. तीनला झोपला तरी आठला उठवा आणि अर्धा तास उन्हात चालायला न्या. दुपारी चारनंतर चहा बंद (सेटवरची कटिंगची सवय सुटायला वेळ लागेल, तेवढी सूट द्या). झोपेसाठी घेतलेल्या पेगने डोळा लागतो, पण पहाटे झोप मोडते. झोपेच्या गोळीबरोबर घेतला तर श्वास मंदावून जिवावर बेतू शकतं.

डॉक्टरांना एक गोष्ट आठवणीने सांगा: मध्यंतरी तीन तास झोपूनही टवटवीत, अखंड बडबड, उधळपट्टी, एकदम पाच प्रोजेक्ट असे दिवस होते का? युनिटमध्ये त्याला 'फुल फॉर्मात आहे' म्हणतात. डॉक्टरांना मात्र त्यात बायपोलर आजाराची (अति उत्साह आणि उदासी आलटून-पालटून येते तो) शक्यता दिसते, आणि अशा माणसाला नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर मन दुसऱ्या टोकाला जाऊ शकतं.

डिप्रेशनच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, बेचैनी होऊ शकते. बरेच जण तिथेच सोडतात, किंवा बरं वाटल्यावर परस्पर बंद करतात आणि मग चक्कर, चिडचिड सुरू होते. गोळीने अभिनय सपाट होईल ही कलाकारांची नेहमीची भीती. काहींच्या भावना बोथट होतातही, पण त्यावर मात्रा किंवा औषध बदलता येतं. तेव्हा लपवू नये, सांगावं. खासगी फी परवडत नसेल तर मुंबईत केईएम, नायर, सायन या पालिका रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे.

'जीव द्यावासा वाटतो का?' हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर एकटं सोडू नका, गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

पैशांचं म्हणाल तर मानधनातून १० टक्के टीडीएस कापला गेला असेल. रिटर्न भरलं नसेल तर भरा, काही रक्कम परत मिळू शकते. कास्टिंगवाल्यांना 'दोन महिने उपलब्ध नाही' एवढाच मेसेज टाकायला सांगा. कारण द्यायची गरज नाही.