क्रिप्टोगॅम या शब्दाचा अर्थ काय आणि त्यात नेमके काय ‘लपलेले’ असते?

नेच्याचे (फर्नचे) बीजाणू, म्हणजे ज्यांपासून पुढची वाढ होते ते सूक्ष्म कण, पानाच्या मागच्या बाजूला उघड दिसत असताना त्याला क्रिप्टोगॅम हे ‘लपलेले’ या अर्थाचे नाव कसे, असे आपण विचारले आहे. शंका रास्त आहे. मात्र हे नाव बीजाणूंवरून पडलेलेच नाही.

‘क्रिप्टोस’ म्हणजे गुप्त आणि ‘गामोस’ म्हणजे विवाह, या दोन ग्रीक शब्दांतून ते घडले. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने १७३५ साली, मुख्यतः फुलांतील पुंकेसरांची संख्या व मांडणी पाहून, वनस्पतींचे २४ वर्ग पाडले आणि ज्यांत फूलच आढळत नव्हते अशा नेचे, शेवाळी (मॉस), शैवले (अल्गी) व कवके (बुरशी) यांना ‘क्रिप्टोगॅमिया’ या शेवटच्या वर्गात ठेवले. म्हणजे गुप्त आहे तो विवाह, नर आणि मादी पेशींचे मीलन.

हे मीलन होते कोठे, हा या विषयाचा सर्वांत सुंदर भाग आहे असे मला वाटते. पावसाळ्यात सिंहगडाच्या वाटेवर दिसणाऱ्या नेच्याच्या पानामागील ठिपके म्हणजे बीजाणुधानींचे, म्हणजे बीजाणू तयार होणाऱ्या पिशव्यांचे, पुंज. त्यांतील बीजाणू अलैंगिक असतात. ओल्या मातीवर बीजाणू रुजला की त्यातून थेट नेचे उगवत नाही, तर बहुधा नखापेक्षाही लहान, हृदयाकृती हिरवा पापुद्रा तयार होतो. त्याच्या खालच्या बाजूस नर व मादी जननांगे असतात, आणि पाण्याच्या पातळ थरातून पोहत जाऊन नरपेशी अंडपेशीला फलित करते. त्या फलनातून नवे नेचे वाढते. मातीला चिकटलेला तो पापुद्रा सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही.

पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ योहान हेडविगने १७८२ साली शेवाळींच्या जननांगांचे सविस्तर वर्णन केले, आणि जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म होफमाइस्टरने १८५१ साली शेवाळी व नेचे यांच्या जीवनचक्रात दोन पिढ्या आळीपाळीने येतात हे दाखवून दिले. त्यामुळे जे गुप्त होते ते उघड झाले, तरी नाव टिकले.

आपल्या शालेय पुस्तकांतील ‘अबीजपत्री’ हा प्रतिशब्द मला तितकासा नेमका वाटत नाही, कारण बीजपत्र हा बीजातील एक भाग असून येथे मुळात बीजच नसते. ‘अबीजी’ अधिक योग्य ठरेल. ‘अपुष्प’ म्हणावे, तर बीज असूनही फूल नसलेले देवदार, सायकस त्यात येतात. आजच्या वर्गीकरणात क्रिप्टोगॅम हा एका पूर्वजापासून आलेला गट मानला जात नाही, आणि कवके तर वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची ठरली आहेत; म्हणून हा शब्द आता केवळ सोयीचे सामूहिक नाव म्हणून वापरावा.