ओटीडीला प्रवेश घेण्याआधी

प्रश्न : मुलगी मुंबईत ऑक्युपेशनल थेरपीची पदवीधर झाली. अमेरिकेत ओटीडी (डॉक्टर ऑफ ऑक्युपेशनल थेरपी ही पदवी) केली की तिथं काम करता येईल ना?

उत्तर : आधी ओटीडी कोणती, ते तपासा. इथंच पैसे वाया जातात. ‘एंट्री-लेव्हल’, म्हणजे व्यवसायात पहिल्यांदा येणाऱ्यांसाठीच्या ओटीडीला ‘एकोट’ या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळाची मान्यता लागते, ती ओटीडी पूर्ण केली की ‘एनबीसीओटी’ या राष्ट्रीय प्रमाणन मंडळाच्या परीक्षेला बसता येतं, मग राज्याचा परवाना. ‘पोस्ट-प्रोफेशनल’ ओटीडी आधीच थेरपिस्ट असलेल्यांसाठी असते. केवळ तिच्या बळावर परीक्षेला बसता येत नाही. परदेशी पदवीची पात्रता ‘एनबीसीओटी’कडून वेगळी ठरवून घ्यावी लागते. परीक्षेसाठी एंट्री-लेव्हल मास्टर्सही चालते, त्यामुळे फक्त नोकरी हवी असेल तर आमच्या मते मास्टर्सचा विचार आधी करावा.

एंट्री-लेव्हलमध्ये लेव्हल टू फील्डवर्क, म्हणजे देखरेखीखाली रुग्णांसोबतचं प्रत्यक्ष काम, किमान २४ आठवडे. पक्षाघाताच्या रुग्णाला शर्ट घालायला शिकवताना बाही आधी लुळ्या हातात, काढताना आधी चांगल्या हातातून, हे तिला येत असेलच. तिथं ते तसं का केलं, कितपत मदत दिली, हेही नेमकं नोंदवावं लागतं. त्यानंतर १४ आठवड्यांचं, ५६० तासांचं कॅपस्टोन, म्हणजे ओटीडीचा शेवटचा, एका विषयात खोलवर जाणारा प्रत्यक्ष अनुभव. फील्डवर्क अडकलं की कॅपस्टोन पुढं ढकललं जातं आणि एका सत्राचा खर्च वाढतो. जुना कामाचा अनुभव त्यात धरत नाहीत.