जुनं बिलिंग सॉफ्टवेअर विंडोज ११ वर ‘क्लास नॉट रजिस्टर्ड’ म्हणतंय, फॉरमॅट मारावा का?

फॉरमॅट मारू नका. विंडोज नवीकोरी आहे, तिच्यात बिघाड नाही. तुम्ही लिहिलंय की जुना विंडोज ७ चा पीसी बसला, म्हणून सॉफ्टवेअरचं फोल्डर पेनड्राइव्हवरून नव्या मशीनवर कॉपी केलं. लॉगिन होतं, पण बिल प्रिंट करायला गेलं की ८००४०१५४ हा आकडा आणि वरचा मेसेज येतो. अशी जुनी सॉफ्टवेअरं सांभाळणं हाच माझा धंदा आहे. घोळ बहुतेक त्या ‘कॉपी केलं’मध्येच आहे.

त्या काळची बरीच बिलिंग सॉफ्टवेअरं व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी ६) या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली आहेत. तुमचंही तसंच असावं. त्यात रिपोर्ट छापणं, तक्ता दाखवणं ही कामं वेगळ्या ओसीएक्स आणि डीएलएल फाइली करतात. मुख्य प्रोग्राम त्यांना फाइलच्या नावाने हाक मारत नाही, एका लांबलचक ओळख क्रमांकाने मारतो. तो क्रमांक कुठल्या फाइलचा, हे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, नोंदलेलं असतं. मायक्रोसॉफ्टची ही ‘कॉम’ पद्धत १९९३ पासूनची. सेटअप चालवला की नोंदी होतात, नुसतं फोल्डर उचलून आणलं की होत नाहीत. मग फाइल डोळ्यांसमोर असूनही प्रोग्रामला तिचा पत्ता लागत नाही.

मूळ सेटअप कुठे सीडीवर सापडला तर तो ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून चालवा, बहुधा तेवढ्याने भागेल. नसेल तर हाताने नोंद करावी लागेल, आणि खरी फसगत तिथेच होते.

विंडोज ११ फक्त ६४-बिट मिळते आणि व्हीबी ६ चा प्रोग्राम कायम ३२-बिट. अशा विंडोजमध्ये ‘सिस्टम३२’ फोल्डरात ६४-बिट फाइली असतात आणि ‘सिसवॉव६४’ मध्ये ३२-बिट. हो, बरोब्बर उलटं. नावं ठेवणाऱ्याला कोपरापासून नमस्कार! जुन्या सवयीने आपण ओसीएक्स ‘सिस्टम३२’ मध्ये टाकतो. पण ३२-बिट प्रोग्राम तिथे शोधायला गेला की विंडोज त्याला गुपचूप ‘सिसवॉव६४’ कडे वळवते. तुम्हाला फाइल दिसते, त्याला दिसत नाही, आणि दोघंही खरं बोलत असता.

म्हणून फाइल ‘सिसवॉव६४’ मध्ये ठेवा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, फोल्डर बदलायच्या ‘cd’ कमांडने त्याच फोल्डरात (SysWOW64) जा आणि रेगएसव्हीआर३२ (regsvr32) ही नोंद करणारी कमांड लिहून, एक जागा सोडून फाइलचं नाव द्या. ‘सक्सीडेड’ आलं की झालं. ‘एंट्री पॉइंट नॉट फाउंड’ आलं तर ती फाइल अशी नोंदवायची नसतेच, तिचा नाद सोडा. ‘फेल्ड टू लोड’ आलं तर ती फाइल किंवा ती जिच्या आधारावर चालते अशी दुसरी एखादी फाइल जागेवर नाही.

फाइली जुन्या हार्डडिस्कवरूनच घ्या. ‘फ्री डीएलएल डाउनलोड’वाल्या साइटवरून आणलेली फाइल दुकानाच्या हिशेबाच्या मशीनवर मी तरी कधी टाकणार नाही.

नेमकी कुठली फाइल हवी हे कळत नसेल तर मायक्रोसॉफ्टचंच ‘प्रोसेस मॉनिटर’ फुकट मिळतं; प्रोग्राम कुठल्या फाइली आणि नोंदी शोधतोय हे ते दाखवतं. त्यात तुमच्या प्रोग्रामचं नाव फिल्टरला लावा, प्रिंटचं बटण दाबा आणि एरर येण्याच्या जरा आधीच्या ‘नेम नॉट फाउंड’ ओळी बघा. अशा ओळी ढिगाने दिसतील, घाबरू नका. ज्यात ‘सीएलएसआयडी’ (म्हणजे वर सांगितलेला तो लांबलचक ओळख क्रमांक) आहे तेवढ्याच कामाच्या. त्यातला क्रमांक जुन्या मशीनच्या रजिस्ट्रीत शोधलात की फाइलचं नाव मिळतं. जुना पीसी चालूच होत नसेल तर तो क्रमांक गूगलवर टाका, प्रचलित ओसीएक्सचे क्रमांक सहसा सापडतात.

जाता जाता: ‘एक्सेलमध्ये पाठवा’ला एरर ४२९ येते असंही तुम्ही लिहिलंय. ते दुखणं वेगळं असू शकतं. नव्या मशीनवर एक्सेल आहे का ते आधी बघा. लिब्रे ऑफिस असेल तर एक्सेलला हाक मारणारं ते बटण चालणार नाही. एक्सेल असूनही ‘कॉल वॉज रिजेक्टेड’ आलं, तर बहुधा एखादा सेल टाइप करता करता अर्धवट सोडलेला असतो. एस्केप दाबा आणि पुन्हा पाठवा.