किनाऱ्यावरच्या छोट्या गावात घडणाऱ्या खुनाच्या कथेत समुद्राचा उपयोग कसा करावा?

समुद्र नुसता वर्णनापुरता ठेवू नका, त्याला घड्याळाचं काम द्या. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटांचं अंतर असतं, म्हणून भरती रोज जवळपास 50 मिनिटं उशिरा येते. संशयित सांगतो, 'आठवड्यापूर्वी संध्याकाळी सहाला भरतीचं पाणी पायऱ्यांना लागलं होतं, काल सहालाही तसंच होतं.' गावातल्या कुठल्याही कोळ्याला हे ऐकूनच खटकेल. शहरातून आलेल्या तपास अधिकाऱ्याला मात्र नाही, आणि कथेची खरी गंमत तिथेच आहे.

होडीचा दोरही बोलतो. भर भरतीत धक्क्याला आखूड दोराने बांधलेली होडी ओहोटीला अर्धवट लटकते. मुरलेला खलाशी दोर सैल सोडतो. म्हणजे होडी लटकलेली दिसली, तर ती कोणत्या वेळी बांधली आणि बांधणारा किती अडाणी होता, दोन्ही कळतं.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, पाणी जास्त वर चढतं आणि जास्त खालीही जातं. एरवी बुडालेली एखादी वस्तू उघडी पाडायला हा दिवस बरा.

प्रेताबाबत एक चूक टाळा: ते सहसा आधी बुडतं, कुजताना वायू साचला की वर येतं. थंड पाण्यात याला बराच वेळ लागतो.

आणि लहान गावात 'कुणी पाहिलं नाही' हे कुणालाच पटत नाही (मला तर मुळीच नाही). पाहिलेलं असतं, फक्त बोलायचं नसतं. ते का, यावर जास्त पानं खर्च करा.